उखर्डूचा मुलगा जो कोणी असेल त्यास

मी, भिकुबाई जीवराम भदाणे, वय पंचाहत्तरच्या पुढे, धंदा लग्नकार्यात खापरावरचे मांडे करण्याचा, राहणार जुने धुळे, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो मागे टाचला आहे. कोणी दम देऊन किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारे आता माझ्या दारात येतही नाहीत. रागात लिहीत आहे हे मात्र खरं.

वकीलबाई दिपमालाताई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात राग लिहू नये. उद्या कोर्टात तोच आपल्यावर उलटतो."

मी म्हटलं, "ताई, मग घरही लिहीत नाही. घर माझ्या कमाईचं आणि रागही माझ्याच कमाईचा."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, कलमं तेवढी नीट लिहा, मधलं तुमचं तुम्ही बघा. तसं करते.

कलम पहिले. माझे नाव.

आधार कार्डावर आणि पतपेढीच्या पासबुकात माझं नाव प्रमिलाबाई आहे. प्रमिलाबाई आणि भिकुबाई ही एकच बाई आहे, हे मी इथे शपथेवर सांगते. दोंडाईचाला लग्न करून गेले तेव्हा मांडवातच सासू म्हणाली, असलं भिकारडं नाव आमच्या घरात चालायचं नाही. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने प्रमिला लिहिलं, झालं. मला कोणी विचारलं नाही. माझ्या आईची माझ्याआधीची लेकरं गेली होती. मी झाले तेव्हा ती गावात घरोघरी पदर पसरून फिरली, मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं शिवलं आणि माझ्या अंगात घातलं. मागून आणलेल्या लेकराकडे यम बघत नाही म्हणून मी भिकू. त्या नावाला भिकारडं म्हणणारी सासू माझी कोणी लागत नव्हती, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पुढे नवऱ्याने दुसरी केली. मी पेटी उचलली आणि माहेरी आले. आपली भिकू आली म्हणून आईने दारातूनच आरोळी दिली, "मनी भिकू उनी वं!" त्या दिवसापासून प्रमिला मेली. कागदावर तिचं भूत राहिलं आहे तेवढं. नवऱ्याला, त्याच्या दुसऱ्या बायकोला आणि त्यांच्या पोराबाळांना माझ्या मालमत्तेतला एक खिळासुद्धा मिळू नये.

कलम दुसरे. घर.

जुन्या धुळ्यातलं माझं घर, खाली दोन खोल्या, वर एक, मागे न्हाणी आणि मांडे करायची पडवी, हे मी मांड्यांच्या कमाईतून घेतलं आहे. त्यात बापाचा, भावाचा किंवा नवऱ्याचा पैसा नाही. हे घर माझ्या पश्चात माझा सख्खा भाऊ कै. उखर्डू जीवराम भदाणे याच्या अपत्यांना समान हिश्श्याने मिळावं. अपत्यांपैकी एक सारिका, ती जळगावला दिली आहे आणि शिवणकाम करते. दुसऱ्या अपत्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. का लिहिलं नाही ते आता सांगते, आणि दिपमालाताईंनी हा मजकूर खोडू नये.

उखर्डू माझ्या पाठचा. मधली दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून तो जन्मला तेव्हा घरात कोणी हसलंसुद्धा नाही. सुईणीने त्याला सुपात ठेवलं आणि घरामागच्या उकिरड्यावर, आमच्या बोलीत उखर्ड्यावर, नेऊन टेकवलं. टाकून दिलेलं पोर कोणी नेत नाही, मरणसुद्धा नेत नाही, अशी समजूत. मग दुसऱ्या कोणीतरी जायचं, सापडलं म्हणून उचलून आणायचं. बाकी बायका शेतात होत्या, म्हणून मला पाठवलं. मी परकराला हात पुसले आणि सूप उचललं. जड होतं. माश्या बसत होत्या त्या फुंकून उडवल्या आणि दारात येऊन आईला म्हटलं, माले हाई पोऱ्या सापडना, म्हणजे मला हे पोर सापडलं.

आई खाटेवरून म्हणाली, "मना नही तो. तुले सापडना, तुनाच शे."

रीत अशी की पुढे आईने मूठभर कोंडा देऊन ते पोर सापडणाऱ्याकडून विकत घ्यायचं. आमच्या आईने तो कोंडा मला कधीच दिला नाही. गमतीत राहून गेलं की धास्तीने राहून गेलं, मला माहीत नाही. मी मागितलाही नाही. म्हणजे रीतीप्रमाणे उखर्डू शेवटपर्यंत माझाच होता. कायद्यात हे बसत नाही म्हणे. न बसो.

तेव्हा आमच्या गल्लीत असलीच नावं. कचरू, धोंडू, दगडू, नथ्थू, भिका. आज ऐकणाऱ्याला हसू येतं. हसणाऱ्यांना एवढंच विचारते, तुमच्या आईने किती पुरले होते? आमच्या बापाचं नाव जीवराम, त्याच्याही आजीने नुसता जीव मागितला होता देवाकडे, रूप मागितलं नव्हतं. पुढे दवाखाने आले, सुया आल्या, डोस आले. पोरं जगायला लागली तशी नावं गोड झाली. माझ्या डोळ्यांदेखत झाली. आधी सारिका, सोनल, विक्रम आले, मग मोनाली, दिपमाला आल्या. आता तर मला उच्चारता न येणारी नावं येतात आणि ती पोरं गुटगुटीत असतात. चांगलं आहे. नाव कसंही ठेवा, पोर जगलं पाहिजे.

उखर्डूला मुलगा झाला तेव्हा नाव ठेवायला मी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आमच्याकडे तिला फुई म्हणतात. उखर्डूने मला पाळण्यापासून बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "आक्का, आते पोरे मरतस नही. आते गोड नाव ठेव."

मी प्रेमराज ठेवलं. त्या काळात आमच्याकडे राज लावलेल्या नावांची चलती होती. आनंदाने ठेवलं.

हा उखर्डू एसटीत कंडक्टर होता. धुळे-भडगाव रस्त्यावर त्याला न ओळखणारं खेडं नव्हतं. म्हातारी माणसं हात करून गाडी थांबवायची आणि विचारायची, आज उखर्डूभाऊ शे का? तोच असला तर चढायची, कारण तो ओझं वर घेऊ लागायचा आणि उतरायचं गाव आलं की हाक मारायचा. कोणी नावावरून चेष्टा केली तर तो छाती पुढे काढायचा, "मी उकिरडावरथून उठेल माणूस शे. माले काय धाड भरस?" आणि सगळी गाडी हसायची, त्याच्यासकट. त्या नावाच्या पगारावर प्रेमराज शिकला, दीपनगरच्या वीजकेंद्रात लागला, कॉलनीत क्वार्टर मिळालं, लग्न झालं. लग्नाच्या पत्रिकेत बापाचं नाव ठळक छापलं होतं. तेव्हा बाप जिवंत होता आणि पैसेही बापाचेच होते.

मागच्या दिवाळीनंतर उखर्डू गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. प्रेमराजच्या घरी तेव्हा पाळणा हलायचा होता, त्याची बायको मोनाली सातव्यात होती. नात बघायची राहिली, एवढंच मला त्या वेळी वाईट वाटत होतं. बाकीचं वाईट अजून यायचं होतं.

नातीच्या बारशाची पत्रिका आली. त्यात छापलं होतं, कै. उदयराव जीवराम भदाणे यांची नात. मी चष्मा पुसून परत वाचलं. मला वाटलं छापखान्याने घोळ घातला. प्रेमराजला फोन लावला. म्हटलं, अरे, हा उदयराव कोण? छापणाऱ्याला धर आणि पैसे परत घे.

तर म्हणतो, "आत्या, चूक नाही. मी गॅझेट केलंय. माझ्या नावात आता वडिलांचं नाव उदय आहे."

आधी मला फुई म्हणायचा. कॉलनीत गेल्यापासून आत्या झाले. ते मी सोडून दिलं होतं.

म्हटलं, "बापाला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही रे!"

"म्हणूनच थांबलो होतो ना. त्यांना वाईट वाटलं असतं. ऑफिसात यादी लागते, पूर्ण नाव वाचतात, लोक तोंड लपवून हसतात. तुला नाही कळायचं. आणि इनिशियल तर तेच राहिलंय, यू."

इनिशियल तेच राहिलंय! उ तर उंदराचाही असतो रे मेल्या. त्याच्या दारावर पाटी आहे, प्रेमराज यू. भदाणे. पाटीचा खर्च वाचला म्हणून खूश होता.

मी बारशाला गेले नाही. सारिका गेली, कारण त्या बाळाची फुई ती. परत येऊन म्हणाली, जाऊ दे गं, कागदावर काय का असेना, मनात तर आबाच आहेत ना. मीही म्हटलं, जाऊ दे. पोरगा आहे, नोकरीत लाज वाटत असेल. राग गिळला. आखाजीला बोलावलं तेव्हा गेले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी आमच्याकडे घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. त्यांच्यासाठी पाण्याची घागर भरतात. निखाऱ्यावर तूप आणि मांड्याचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आगारी टाकताना ज्याला घास द्यायचा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की तो येतो. जो वर्षात गेला त्याची तर पहिलीच आखाजी, तो दारातच उभा असतो. म्हणून मी खापर आणि कणीक तिंबायची काठवट कापडात बांधून बसने दीपनगरला नेलं. दोन्ही हात भाजेपर्यंत मांडे केले. उखर्डूला मऊ, पुरण जास्त असलेला लागायचा, तो त्याचा वेगळा काढून ठेवला.

प्रेमराजने साहेबांना सहकुटुंब बोलावलं होतं. बाल्कनीत घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. पाटावर घागर ठेवली. प्रेमराज सोवळं नेसून बसला, हातात घास घेतला. मी त्याच्या मागे उभी होते. आणि हा निखाऱ्यावर घास टाकून म्हणाला, "उदयराव, जेवायला या."

सारिका पुढे झाली आणि म्हणाली, "प्रेम, आबांचं नाव घे. उखर्डू म्हण. लवकर म्हण, घास जळतोय."

साहेबांच्या बाईंनी सहज विचारलं, "उखर्डू कोण?"

त्यांची काहीच चूक नाही. माहीत नव्हतं, विचारलं.

प्रेमराज मान न वळवता म्हणाला, "गावाकडचे एक होते."

गावाकडचे एक होते!

अरे, रात्रपाळी करून आलेला तो गावाकडचा एक तुला खांद्यावर घेऊन फणफणत्या तापात दवाखान्यात गेला होता. त्या गावाकडच्या एकाने स्वतः एकाच खाकी पँटीवर थिगळं लावून तुला डिप्लोमाला घातलं. कागदावर खाडाखोड केलीस, केलीस. सरकारला बाप लागत नाही, नाव लागतं, देऊन टाक हवं ते. पण आगारी सरकारसाठी टाकत होतास काय? दारात उभ्या असलेल्या बापाला आत न घेता, जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याला हाक मारून माझ्या हातचा मांडा त्याला घातलास. उखर्डूने ऐकलं असेल ना ते? ऐकून परत फिरला असेल. भांडणारा नव्हता तो. तसाच उपाशी फिरला असेल.

मी गरम खापर फडक्यात गुंडाळलं आणि पायऱ्या उतरले. सारिका माझ्या मागे आली. आम्ही दोघी भुसावळच्या स्टँडवर बसलो, दोघींच्याही पोटात काही नव्हतं. ती रडत होती. मला रडू येत नव्हतं, आजही येत नाही. आला तो रागच.

आता कलम दुसऱ्याचं उरलेलं. घर उखर्डू जीवराम भदाणे याच्या अपत्यांना लिहिलं आहे. सारिका ही त्याची मुलगी, तिच्याकडे शाळेचा दाखला आहे, आणि तो ती अभिमानाने दाखवते. दुसरा हिस्सा, उखर्डूचा मुलगा जो कोणी असेल त्यास. सरकारी कागदाप्रमाणे प्रेमराज हा कोणा उदयचा मुलगा आहे. त्या उदयला मी ओळखत नाही, त्याच्या मुलाला मी घर कशाला देऊ? दिपमालाताई म्हणाल्या, "आजी, तो जुना दाखला घेऊन येईल आणि सिद्ध करेल." मी म्हटलं, तेच तर पाहिजे मला. येऊ दे. त्याने चार लोकांपुढे उभं राहून, लिहून, सही करून सांगावं की मी उखर्डूचा मुलगा आहे. तोंडाने सांगावं. माझ्या मरणानंतर एका वर्षाच्या आत सांगितलं तर त्याचा हिस्सा त्याला बिनतक्रार द्यावा, कोणी टोमणाही मारू नये. वर्षात आला नाही तर सगळं घर सारिकाचं. मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपमालाताईंनी करावी.

कलम तिसरे. बाकीचे सामान.

पतपेढीतली ठेव सारिकाला. त्यातून तिने दुसरं शिलाई मशीन घ्यावं, नवऱ्याच्या हातात देऊ नये. जावई चांगला आहे, पण हात सैल आहे.

खापर, काठवट, चूल आणि लाटण्याचं पोळपाट भिकाणे गल्लीतल्या रुख्माबाईला. इतकी वर्षं तिने माझ्या शेजारी बसून पुरण वाटलं आणि तिचा मांडा माझ्यापेक्षा पातळ होतो म्हणून मी तिच्यावर जळले. तिच्या हाताखाली खापर वाया जाणार नाही. मोनालीला खापर देऊ नये. तिने एका खापरात झाड लावून ते टीव्हीशेजारी ठेवलेलं मी पाहिलं आहे. मोनालीवर माझा वेगळा राग नाही. तिला सासऱ्याचं नाव आवडलं नसेल तर ती परकी आहे, समजू शकते. ज्याचा बाप त्याला समजायला पाहिजे होतं.

माझी सोन्याची पोत सारिकाच्या मुलीला.

कलम चौथे. नात.

प्रेमराजच्या मुलीचं नाव कियांशी ठेवलं आहे. नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. मी विचारलं, अर्थ काय, तर मोनाली म्हणाली मोबाइलवर बघून सांगते. अर्थ नसला तरी चालेल. तिच्यासाठी चांदीचे वाळे करून ठेवले आहेत, कपाटात वरच्या खणात, लाल फडक्यात. ते तिला कोणत्याही अटीशिवाय द्यावेत. तिचा बाप वर्षाच्या आत आला किंवा न आला, तिचा त्यात दोष नाही. मोठी झाल्यावर तिला हे मृत्युपत्र वाचायला द्यावं. तिला मराठी वाचता येत नसेल तर सारिकाने वाचून दाखवावं. मग तिने आजोबांच्या नावाला हसावं की काय करावं, ते तिचं तिने ठरवावं.

कलम पाचवे. माझे क्रियाकर्म.

पांझरेच्या काठी जाळावं. अग्नी सारिकाने द्यावा. कोणी म्हणेल बाईने कसा द्यायचा, तर त्याला सांगावं की भिकुबाईने लिहून ठेवलं आहे, भांडायचं असेल तर तिच्याशी भांड. दहाव्याला गावजेवण नको. मी आयुष्यभर लोकांच्या पंगतींसाठी हात भाजले, माझ्या नावाने आणखी कोणाचे भाजायला नकोत.

माझ्यानंतरच्या आखाजीला माझ्यासाठी घागर भरू नये. माझ्या नावाने आगारीही टाकू नये. मला पोटचं कोणी नाही, म्हणून हे रुसून लिहीत नाही. माझ्या वाट्याचा घास निखाऱ्यावर उखर्डूच्या नावाने टाकावा. सारिकाने टाकावा, आणि दारातून बाहेर तोंड करून उखर्डू, उखर्डू अशी हाक मारावी, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढी मोठी. मांडा मऊ असावा. माझा भाऊ मागच्या आखाजीपासून जेवलेला नाही.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं, आणि यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही असं ठरवून साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही या मालमत्तेतलं काही मिळणार नाही, तरी ते आले, याबद्दल त्यांना पोटभर मांडे खाऊ घातले आहेत.

सही: भिकुबाई जीवराम भदाणे

साक्षीदार:
बन्सीलाल कचरू अहिरे, शेजारी, जुने धुळे. (बापाचं नाव त्याने न विचारता पूर्ण लिहिलं.)
ललिता वेस्ता पावरा, वरच्या खोलीतली भाडेकरू, मूळ गाव शिरपूर तालुका.

ठिकाण: धुळे
दिनांक: १२ जून २०२५